ज्योती, कोरगुट आणि मानसाची पावणी: पेडण्यातल्या एका गावातली भात-चाचणी

पार्श्वभूमी

हे प्रकरण पेडणे तालुक्यातलं, शापोरा नदीकाठच्या एका गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

गोव्यातल्या अनेक नदीकाठच्या गावांसारखी इथली भातजमीन तीन थरांची आहे. डोंगराच्या पायथ्याशी मरड, मध्ये वाळूमिश्रित खेर आणि नदीला लागून बांध घालून राखलेलं खाजन. मरडीत पावसाने आठवडाभर दडी मारली की भात पिवळं पडतं. खाजनात पाऊस उशिरा आला तर उन्हाळ्यात वर आलेलं मीठ धुऊन जात नाही. खेर त्यातल्या त्यात भरवशाची, आणि जिथे तिळारीच्या कालव्याचं पाणी पोहोचतं तिथे सरद, म्हणजे पावसाळी भात, संपल्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भातही होतं.

वरच्या दोन थरांत दोनच वाण जुने. जया १९६८ सालचा, १३० दिवस घेणारा. ज्योती केरळातल्या पट्टांबीची, लाल दाण्याची, ११५ ते १२५ दिवसांत कापणीला येणारी. घरात पेजेला उकडा तांदूळ लागतो आणि तो लाल असला तर बरा, म्हणून खेरीत ज्योतीचंच चलन. खाजनात मात्र कोरगुट: उंच, कुसळांचं, मीठ सोसणारं. उत्पन्न बेताचं आणि वाऱ्यात आडवं पडायची खोड, पण जिथे दुसरं काही तगत नाही तिथे ते उभं राहतं. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ हे खारवट जमिनीसाठीचे वाण काढले आहेत. गावात त्यांचं नाव ऐकलेलं होतं, बी कुणी पाहिलेलं नव्हतं.

अडचण

कुळांच्या बैठकीत आम्ही, म्हणजे ही चाचणी घेणारा गट, गेलो तेव्हा वाणांवर बोलायचं ठरवून गेलो होतो. बोलणं सुरू झालं ते मजुरांवरून. लावणीला माणूस मिळत नाही, जो मिळतो तो झारखंडचा किंवा कर्नाटकातला, आणि जुलैच्या त्याच आठवड्यात तो सगळ्यांनाच हवा असतो. वाट पाहण्यात तरवा, म्हणजे लावणीचं रोप, म्हातारा होतो. २१ ते २५ दिवसांचा लावायचा तो ३५-४० दिवसांचा होईपर्यंत वाफ्यातच राहतो आणि मग त्याला फुटवे येत नाहीत. दर वर्षी दोन-चार कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, पड राहत होते, आणि पड कुणग्यातलं तण शेजारच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, आत येत होतं.

दुसरी गोष्ट आधीच्या वर्षीच्या प्रात्यक्षिकाची. रस्त्याला लागून असलेल्या खेरीच्या एका कुणग्यात सुधारित वाण, यंत्राने लावणी, शिफारशीची खतं, सगळं एकत्र करून दाखवलं गेलं होतं. पीक उत्तम आलं. फलक लागला, फोटो निघाले. पुढच्या हंगामात त्यातलं काहीही कुणी केलं नाही. कारण विचारल्यावर एका काकींनी एका वाक्यात सांगितलं, "त्या कुणग्यात तुम्ही काहीही लावा, पिकतंच."

त्यांचं म्हणणं शास्त्राच्या भाषेतही खरं होतं. वाण बदलला, पद्धत बदलली, खत बदललं, आणि जमीन गावातली सगळ्यात चांगली निवडली. फरक कशामुळे पडला हे त्यातून कुणालाच सांगता आलं नसतं, आणि आपल्या खालच्या कुणग्यात तो पडेल का हे तर नाहीच.

बैठकीच्या शेवटी दोन प्रश्न उरले. कुठल्या थरात कुठला वाण? आणि कमी माणसांत लावणी कशी?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा आणि कागदावर सुबक: एकच मोठा कुणगा घ्यायचा, त्यात चार वाण आणि तीन पद्धती, प्रत्येकाच्या तीन पुनरावृत्ती. आकडे स्वच्छ मिळतात. पण तो आकडा त्या एका कुणग्याचा असतो, आणि काकींचं वाक्य परत ऐकायची तयारी ठेवावी लागते.

दुसरा, बियाण्याच्या छोट्या पिशव्या सगळ्यांना वाटून द्यायच्या आणि हंगामाअखेर विचारायचं. स्वस्त, आणि लोक आपल्या पद्धतीने लावतात हा मोठा गुण. अडचण अशी की तुलनेला शेजारी काही नसतं. नवीन बी ज्याच्या त्याच्या उरलेल्या कोपऱ्यात पडतं, कारण चांगला कुणगा कुणी अनोळखी बियाण्याला देत नाही. मग नवा वाण जमिनीमुळे हरतो आणि दोष वाणाला लागतो.

तिसरा पर्याय आई-बाळ चाचणीचा. ही रीत १९९० च्या दशकात मलावीत मक्याच्या शेतात बसवली गेली आणि नंतर भाताच्या वाणनिवडीतही वापरली गेली. एका ठिकाणी सगळ्या वाणांची, सगळ्या पद्धतींची 'आई', आणि गावभर विखुरलेली 'बाळं', ज्यांत एकेका शेतकऱ्याकडे त्याचं नेहमीचं भात आणि त्याच्या शेजारी एक-दोनच नव्या गोष्टी. प्रत्येक शेत म्हणजे एक पुनरावृत्ती.

आम्ही तिसरा घेतला, पण एक फेरफार करून. आई एक न ठेवता दोन ठेवल्या, एक खेरीत आणि एक खाजनात. मरड सोडली. तिथल्या बहुतेकांनी काजू लावायला घेतले होते आणि ज्या जमिनीवर भात राहणारच नाही तिथे भाताची चाचणी कशाला? गटात यावर मतभेद होते. मला तो निर्णय अजूनही बरोबर वाटतो.

आखणीतले निर्णय

वाणांची तुलना खाजनात आणि पद्धतींची खेरीत, असं वेगळं केलं. खाजनात मजुरांची अडचण कमी होती, कारण तिथे पुष्कळजण मोड आलेलं बी थेट फेकतात. खेरीत वाणाबद्दल तक्रार नव्हती. दोन्ही प्रश्न दोन्हीकडे नेले असते तर प्रत्येक शेतकऱ्याच्या गळ्यात सहा-सात पट्टे पडले असते, आणि सात पट्टे असलेल्या कुणग्यात शेती होत नाही, फक्त मोजमाप होतं.

पट्टे कसे पाडायचे यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. उतारावरच्या शेतात पाणी वरच्या कुणग्यातून खालच्यात उतरतं आणि खतही त्याच्याबरोबर वाहतं. पट्टे मेरेला समांतर, आडवे पाडले तर वरच्याला कमी आणि खालच्याला जास्त मिळतं, म्हणून ते पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने उभे पाडले. दोन पट्ट्यांच्या मध्ये वीतभर उंचीची मातीची मेर घातली. पहिल्या मोठ्या पावसात त्यातल्या निम्म्या मेरा विरघळल्या आणि ज्याच्या त्याने हाताने पुन्हा चढवल्या.

कुठला पट्टा नव्याला आणि कुठला जुन्याला, हे चिठ्ठी टाकून ठरलं. यावर आधी कुरबूर होती. चिठ्ठी शेतकऱ्याच्याच नातवाने किंवा नातीने उचलायची असं ठरल्यावर ती मिटली.

पद्धतीही 'पॅकेज' म्हणून देऊ नयेत, असं माझं मत होतं. श्री (एसआरआय) या भातलावणीच्या पद्धतीच्या शिफारशीत ८ ते १२ दिवसांचं रोप, एका चुडात (लावणीच्या एका जागी) एकच काडी, २५ × २५ सेंटीमीटर अंतर, पाणी आळीपाळीने देणं-तोडणं आणि कोनो वीडर या तण काढायच्या हातयंत्राने कोळपणी, असं सगळं एकत्र येतं. बियाणं हेक्टरी ५ किलो पुरतं, नेहमीच्या लावणीला त्याच्या आठ-दहा पट जातं. पण शेतकरी पॅकेज उचलत नाही, तो त्यातला एखादा तुकडा उचलतो. म्हणून आईच्या पट्ट्यांत श्री पूर्ण ठेवली, आणि बाळांमध्ये एकेकच बदल: कुठे फक्त कोवळं रोप, कुठे फक्त दोरीवर ओळीत लावणी, कुठे यंत्राची लावणी. खत सगळीकडे सारखं, हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश.

हंगामात काय झालं

खेरीत श्रीचा अडथळा पहिल्याच पंधरवड्यात समोर आला. दहा दिवसांचं रोप बोटभर असतं. जुलैच्या पावसात वरच्या कुणग्यातलं पाणी खाली उतरतं तेव्हा ते कमरेइतकं बुडत नाही, पुरतं बुडतं. पाणी तोडायचं म्हटलं तरी तोडणार कुठे, वरचा कुणगा शेजाऱ्याचा. आईच्या शेतातल्या श्रीच्या पट्ट्यांत जागोजाग मोकळी भोकं दिसू लागली आणि तिथे तण आलं. इथे निर्णय घ्यावा लागला: पट्टा तसाच ठेवायचा, की नांग्या भरायच्या, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा रोपं लावायची? भरल्या तर पद्धत जे देते त्याहून चांगला आकडा येईल. न भराव्यात असं ठरलं. ज्याचं शेत होतं त्या भाऊंना ते बघवेना, आणि त्यांनी आमच्या मागे थोड्या नांग्या भरल्याच. ते त्यांनी नंतर हसत सांगितलं. वहीत तसं नोंदवलं आणि त्या पट्ट्याचं वजन तुलनेतून बाजूला काढलं.

यंत्राची लावणी वेगळ्या कारणाने अडली. यंत्रासाठी चटई रोपवाटिका लागते. प्लास्टिकवर चाळलेल्या मातीचा पातळ थर, त्यावर दाट बी, आणि १५ ते २० दिवसांत मुळं एकमेकांत गुंतून गालिच्यासारखी उचलता येणारी पट्टी. ते गावातल्या बायकांच्या एका गटाने एवढं चांगलं केलं की शेजारच्या गावातून विचारणा आली. अडचण कुणग्यांची होती. आठ ओळींच्या यंत्राला वळायला जागा लागते. लहान कुणग्यात चारही कोपरे आणि कडेचा पट्टा हातानेच लावावा लागला, म्हणजे माणसं परत बोलवावी लागली. मेरा मोडून दोन-तीन कुणगे एक करा, असं यंत्रवाल्याने सुचवलं. त्याला कुणीच होकार दिला नाही, आणि देणारही नव्हतं. ती मेर १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कुणाच्या वाट्याला काय आलं याची एकमेव उरलेली खूण असते.

दोरीवरची लावणी कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती. दोन टोकांना दोन माणसं, गाठी मारलेली दोरी, २० × १५ सेंटीमीटर, चुडात दोन-तीन काड्या, रोप १८ ते २० दिवसांचं. पहिल्या दिवशी बायकांनी वेग मंदावतो म्हणून वैताग केला. तिसऱ्या दिवशी वेग नेहमीच्या जवळ आला. खरी बचत पुढे झाली: ओळीत कोळपं चालतं, त्यामुळे बेणणीला, म्हणजे तण उपटायला, वाकणारी माणसं कमी लागली.

खाजनात ड्रम सीडरचा एक पट्टा घेतला होता, मोड आलेलं बी ओळीत पेरायला. पेरणीच्या रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन जमलं होतं. त्या पट्ट्याबद्दल इतकंच.

वाणांची खरी गोष्ट मात्र मानसाशी जाऊन अडकली. मानस म्हणजे बांधातलं लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडपा आपोआप मिटतात. मानसावरच्या मासळीची दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. जो पावणी घेतो त्याला कोळंबी आणि शेवटे हे मासे हवे असतात, आणि ते भरतीच्या पाण्याबरोबर आत येतात. झडपेखाली एखादं लाकूड अडकवलं की ती पुरती मिटत नाही. हे लाकूड कुणी पाहिलेलं नसतं, पण खालच्या कुणग्यांतलं भात ते सांगतं.

भाताला मीठ सगळ्यात जास्त दोनदा बाधतं, रोप लहान असताना आणि फुलोऱ्याला. उगवताना आणि फुटव्यांच्या काळात ते बऱ्यापैकी सोसतं. जमिनीची क्षारता साधारण ३ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की साध्या वाणाचं उत्पन्न घटायला लागतं. आमच्याकडे क्षारता मोजायचा खिशातला मीटर होता. लावणीनंतर खालच्या तीन-चार कुणग्यांत आकडा त्याच्या बराच वर गेला, वरच्या खाजनात गेला नाही. खाली ज्योतीच्या पानांची टोकं आठवड्यात पांढरी पडली. कोरगुट आणि गोवा धान उभे राहिले. आणि वरच्या खाजनात, बांधापासून दूर, ज्योती चांगली फुटली.

कापणी आणि वजन

मोजणीचा नियम होता: प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध ५ × ५ मीटरचा चौकोन, कडेच्या ओळी सोडून. २५ चौरस मीटरमधला १ किलो म्हणजे हेक्टरी ४०० किलो. इथे ओलावा फसवतो. २२ टक्के ओलाव्याचं १० किलो भात १४ टक्क्यांवर ९ किलोंच्या जरा वर भरतं, म्हणजे हेक्टरी साडेतीनशे किलोंहून जास्त फरक नुसत्या पाण्याचा. दोन वाणांमधला फरक कित्येकदा त्याहून कमी असतो. म्हणून वजनाबरोबर ओलाव्याचा आकडा नसेल तर ते वजन वहीत चढवायचं नाही, असं ठरवलं.

ज्योती ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार झाली आणि पाऊस गेला नव्हता. एका बाजूला लोंब्यांतच कोंब यायची धास्ती, दुसऱ्या बाजूला भाड्याचं कापणी यंत्र पुढच्या वाड्यावर आलेलं. ठरलेल्या तारखेआधी दोन शेतकऱ्यांनी यंत्र आपल्या कुणग्यात घातलं आणि सगळे पट्टे एका ढिगात गेले. गटातल्या काहींचं म्हणणं होतं की त्यांच्याकडून पोत्यांचा अंदाज घ्यावा. मी विरोध केला. पोतं किती ओलं, किती दाबून भरलेलं, हे कोण सांगणार? त्यांची मतं घेतली, आकडे घेतले नाहीत. यंत्र घालणाऱ्यांना कुणी दोष दिला नाही. भात त्यांचं होतं.

पसंती आणि पेज

कापणीआधी शेतात फेरी झाली. प्रत्येकाच्या हातात काजूच्या बिया, पट्ट्यापुढे ठेवलेल्या करवंटीत टाकायच्या. बायका आणि पुरुष वेगवेगळे गेले. पुरुषांनी लोंबीचं वजन आणि न पडणारी काडी पाहिली, कारण आडव्या भातात यंत्र चालत नाही. बायकांनी लोंबी तळहातावर चोळून दाणा किती सहज सुटतो ते पाहिलं, आणि गाय असलेल्या घरांनी गवताची लांबी. खालच्या खाजनात पुरुषांचा कौल गोवा धानला होता. बायकांचा गोवा धान आणि कोरगुट या दोघांत विभागला गेला.

"उकडून बघितल्याशिवाय आम्ही काही सांगणार नाही," त्याच काकी म्हणाल्या. मग प्रत्येकाचं थोडं भात भिजवून, उकडून, वाळवून गिरणीत काढलं आणि तीन टोपांत नाव न सांगता पेज केली. बरोबर आंब्याची मिसकूट. निर्णय पंधरा मिनिटांत झाला: नवं वाण कोरगुटाच्या जवळचं, ज्योतीच्या नाही, खाजनवाल्या घरांना चालेल, खेरवाल्यांना नको. सगळ्या हंगामातली ही सर्वांत कमी खर्चाची चाचणी, आणि गावाने तिच्यावरच जास्त विश्वास ठेवला.

निष्पत्ती

खेरीत दोरीवरची लावणी आणि यंत्राची लावणी वजनात जवळपास बरोबरीत आल्या, आणि दोन्ही उशिरा लावलेल्या म्हाताऱ्या तरव्यापेक्षा स्पष्टपणे पुढे होत्या. सरदात श्री मागे पडली. पुढच्या हंगामात यंत्र फक्त मोठ्या कुणग्यांत आलं. दोरी मात्र न सांगता पसरली, आणि तिच्याबरोबर लवकर रोप लावायची सवयही. अंतर कुणी २० × १५ ठेवलं, कुणी हाताच्या अंदाजाने. श्री काही घरांनी वायंगणात, कालव्याच्या पाण्यावर पुन्हा करून पाहायला घेतली. तिथे पाणी सोडणं-तोडणं त्यांच्या हातात असतं.

गोवा धान खालच्या कुणग्यांत टिकलं. बी घरोघर कसं गेलं यावर आम्ही लक्ष ठेवलं होतं, कारण फुकट पिशवी घेणं आणि स्वतःच्या भातातून बी राखणं यात मोठं अंतर आहे. बी राखणाऱ्यांनी पट्ट्याच्या मधल्या भागातलं, कुसळांची भेसळ काढून राखलं.

वेगळं काय करता आलं असतं

पेजेची चाचणी शेवटी ठेवण्यात अर्थ नव्हता. संशोधन केंद्राकडून आधीच थोडं भात आणून मे महिन्यात उकडलं असतं, तर कुणाच्या शेतात कुठला वाण लावायचा आणि तो खेरवाल्यांसाठी नाही, हे तेव्हाच ठरलं असतं. कापणीच्या तारखेआधी यंत्रमालकाशी बोलून ठेवणं हे पट्टे आखण्याइतकंच महत्त्वाचं होतं. ड्रम सीडर जुलैऐवजी वायंगणात घ्यायला हवा होता.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मीटरच्या आकड्यांची. ते लावणीनंतर घ्यायला सुरुवात झाली. मेअखेरीपासून दर आठवड्याला घेतले असते, तर पहिल्या पावसात मीठ किती उतरतं आणि नंतर किती परत येतं हे वेगळं दिसलं असतं. आता जे आकडे आहेत त्यांवरून पावणीवाला म्हणू शकतो की जमीन आधीपासूनच खारट होती, आणि त्याने तसं म्हटलंही.

कुळांनी पुढच्या पावणीच्या अटींत तीन गोष्टी मागितल्या: दर आठवड्याला दोन्ही बाजूंच्या देखत मीटर लावायचा, लावणीपासून फुलोरा संपेपर्यंत भरतीला झडपा पूर्ण मिटलेल्या हव्यात, आणि आकडा चढला तर अनामत जप्त. पावणीवाल्याने मीटर मान्य केला. जुलै-ऑगस्टही मान्य केले. सप्टेंबर मान्य केला नाही, कारण श्रावण आणि चतुर्थी उरकली की घरोघर मासळी सुरू होते आणि कोळंबीला भाव तेव्हाच असतो. भात फुलोऱ्यात असतं तेही तेव्हाच. यावर पुढची बैठक पावणीच्या आधी ठेवली आहे, आणि कुळांनी तिला पंचायतीच्या माणसांनाही बोलावलं आहे.